म्हादूतात्यांची चौथी ओळ

चिपळूणच्या नव्या दवाखान्यात रुजू झाले त्या दिवशी केलेल्या यादीत माझं पहिलं काम होतं, अक्षरांचे तीन वेगवेगळे तक्ते मागवणे. खुर्च्या, पडदे, पाण्याचं पिंप हे सगळं त्याच्या खाली. नव्या डॉक्टरांनी यादी वाचून विचारलं, "तीन कशाला? एकावर भागेल की."

"नाही भागत," मी म्हटलं. "भागवून बघितलंय."

त्यांनी पुढे विचारलं नाही ते बरं झालं. नाहीतर मला म्हादूतात्या सांगावे लागले असते, आणि दोन पेशंटांच्या मध्ये सांगून होण्यासारखे ते नाहीत.

त्याआधी अकरा वर्षं मी रत्नागिरीत कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे सहायक होते. नंबर लावणं, नोंदी, साहित्य, आणि शिकवलं तसं तपासण्या करणं. म्हादूतात्या आमच्याच बाजूचे. बंदराकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची एक पाखाडी आहे, तिच्या वरच्या टोकाला त्यांचं घर. ते मच्छीमार बोटीवर तांडेल होते. बोटीवरची सगळी माणसं तांडेलाच्या शब्दात आणि सुकाणू त्याच्या हातात. बोट त्यांच्या पुतण्याची, नंदूची, पण बंदरात तिला कोणी नंदूची बोट म्हणत नसे. म्हादूची बोट आली, म्हादूची बोट लागली, असंच.

ते ती पाखाडी उतरायचे ती अनवाणी, पायांकडे न बघता आणि सगळ्यांशी बोलत. पाखाडीवरच्याच माझ्या घराच्या दारात मी दिसले की वीस पायऱ्या वरूनच हाक यायची, "काय गो बाय, आज उशीर झाला?" मी उत्तर देईपर्यंत ते खाली पोचलेले. वाटेत थांबून बघणाऱ्या माणसाचा त्यांना राग होता. खलाशी असो, नातवंडं असोत, रस्ता ओलांडताना घुटमळणारी मी असो, वाक्य एकच. "थांबतंस कशाला? चालता चालता बघ."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायात शिंगाळ्याचा काटा शिरला. त्या माशाचा काटा वाईट. पाय सुजला, जखम चिघळली, पाय कापायची भाषा सुरू झाली. दोन आठवडे इंजेक्शनं चालली आणि पाय वाचला. घरी आल्यावर मात्र त्यांना सरळ चालता येईना. अशक्तपणा, सगळे म्हणाले. महिना गेला, अंगात ताकद आली, तरी चाल तीच. पाखाडीवरून एक हात गडग्याला, कडेच्या दगडी कुंपणाला लावून, पाय फाकवून ते उतरायला लागले. दारूचा थेंब न घेणारा माणूस. पण बंदरात बोलणं सुरू झालं की म्हादू आता दुपारचाच लावतो.

ते दवाखान्यात आले त्या दिवशी त्यांच्याबरोबर लीलाकाकी होत्या, त्यांची बायको. त्या पुढे आणि हे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणून नवरा धरून आणतोय. काकींनी ती बतावणी स्वतःहून घेतली होती. बाकावर बसताना मोठ्याने म्हणाल्या, "बाई गं, माजे पाय." त्यांच्या पायांना काही झालं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

तात्या म्हणाले, "किनारा हलतो."

"म्हणजे चक्कर?"

"चक्कर नाय. बसलो की सगळा जागच्या जागी हाय. चाललो की समोरचा माणूस, भिंत, झाड, सगळा वरखाली नाचतंय. इतकी वर्सा बोट हलली डॉक्टर, किनारा कदी हलला नाय. आता मी जमिनीवर हाय आनि किनारा हलतोय."

डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं. आपण डोकं उजवीकडे वळवलं की डोळे तेवढेच डावीकडे फिरतात, म्हणून समोरचं चित्र स्थिर राहतं. हा हुकूम कानाच्या आतल्या भागातून येतो. त्या इंजेक्शनाने काही माणसांचा तो भाग निकामी होतो, तात्यांचा दोन्ही बाजूंचा झाला असावा. इंजेक्शन देण्यात कोणाचं चुकलं नव्हतं, पाय वाचवायला तेच लागणार होतं.

तात्या म्हणाले, "बोटीवर होकायंत्र असतंय ना, डबीत झुलता ठेवलेला. बोट कशीपण हलू दे, ती तबकडी सपाट ऱ्हाते. ती झुलायची डबी माजी गेली, असाच ना?"

डॉक्टर म्हणाले, "असंच." पुढे ही उपमा ते इतर पेशंटांनाही सांगायचे.

मग तपासणी. ती माझ्याकडे होती. आधी पेशंटने डोकं स्थिर ठेवून समोरचा तक्ता वाचायचा. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या सात ओळी. मग मी मागे उभी राहते, त्याचं डोकं दोन्ही तळहातांत धरते, हनुवटी किंचित खाली, आणि ठोक्यावर डावी-उजवीकडे हलवते. एका सेकंदात दोन वेळा. ते चालू असताना त्याने पुन्हा वाचायचं. कान चांगला असेल तर एखादी ओळ कमी होते, फार तर दोन.

तात्यांनी स्थिर बसून सहा ओळी वाचल्या. या वयात सहा म्हणजे डोळे उत्तम. मी डोकं हलवायला लागले. खोबरेल लावलेले पांढरे केस, उन्हाने राठ झालेले कान. दोन ओळी झाल्या आणि ते थांबले. "पुढं सगळी मुंग्यांची रांग," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं: स्थिर सहा, हलताना दोन.

"भरून येईल?" काकींनी विचारलं. डॉक्टर खोटं बोलत नसत. म्हणाले, "कान परत येणार नाही. व्यायामाने डोळे दुसरी युक्ती शिकतात, थोडंफार. किती, ते सांगता येत नाही."

त्याच दिवशी जाता जाता डॉक्टर मला म्हणाले होते, "दुसरा तक्ता मागवा. हलताना वाचायला वेगळा हवा." मी यादीत लिहिलं. त्या पानावरून ते काम पुढच्या पानावर गेलं, तिथून त्याच्या पुढच्या. मागवायच्या इतर वस्तूंवाचून रोज अडायचं, हिच्यावाचून अडत नव्हतं.

व्यायाम साधा होता. हातभर अंतरावर पुठ्ठ्यावरचं एक अक्षर धरायचं, त्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. दिवसातून पाच वेळा. तात्या पुठ्ठा घेत नसत. ते गडग्याशी उभे राहून समोरच्या डोंगरावरच्या दीपगृहावर नजर लावत आणि मान हलवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, म्हातारा समुद्राला नाही नाही म्हणतोय. पोरं नक्कल करायची. तात्या बघायचे नाहीत, कारण नजर काढली की व्यायाम मोडतो. चालतानाही ते कोणाला ओळख देईनासे झाले होते. चालताना समोरचा चेहराच कळत नसे. थांबले तर कळायचा. पण थांबून बघणं त्यांना आयुष्यभर आवडलं नव्हतं. नंदू एकदा पाखाडीवर म्हणाला, "तात्या आता साहेब झालाय. ओळख देत नाय." तात्या ताडकन उभे राहिले, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तू व्हय? मी म्हटला, कोन चांगला माणूस असंल."

एरवी हसणारा नंदू बोटीच्या बाबतीत मात्र हसत नव्हता. आमच्या बंदराच्या तोंडाशी वाळू साचते. आत शिरताना बोट उसळते, आणि नेमकं तेव्हाच किनाऱ्यावरच्या खुणा बघून वाट काढावी लागते. मंदिराचा कळस अमक्या माडाच्या आड गेला की वळायचं, असं. यंत्रं आता सगळ्या बोटींवर आहेत, पण त्या दोन मिनिटांत यंत्राकडे बघत बसलं तर बोट आडवी होते. नंदू माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "बोटीवर आठ जण असतात, तात्या. तू डॉक्टरचा कागद आन, मी सुकाणू तुज्या हातात देतो. कागद नाय तर नाय."

तो मे महिना संपत आलेला. बोटी ओढून वर घेण्याचे दिवस. नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात जायच्या. दोन महिने होते. डॉक्टरांनी सांगितलं, हलताना चार ओळी झाल्या तर कागद देईन. चौथ्या ओळीच्या खाली सही करणार नाही.

दर पंधरा दिवसांनी तात्या यायचे. नंबर येईपर्यंत तास तास बाकावर बसून असायचे. एकदा मी एक फाईल शोधत सगळी कपाटं उघडत होते. तात्या बाकावरून म्हणाले, "हिरवी ना? मागल्या खेपेला तू ती तिसऱ्या फळीवर आडवी ठेवलीस, वर डबा ठेवलास." फाईल तिथेच होती. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही माझ्या कपाटाची यादी केलीत की काय?"

"यादी तुला लागतं. आमी किनारा एकदा बघतला की झाला."

मी हसले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला हलताना तीन ओळी झाल्या. तिसऱ्या खेपेला चार. मी दोनदा मोजल्या. पुढच्या खेपेला पाच. डॉक्टर त्या दिवशी गडबडीत होते. वही बघून म्हणाले, "छान. पौर्णिमेच्या आधी एकदा शेवटची करून कागद देऊ." काकींनी पिशवीतून सोड्यांचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. सुकवलेली कोलंबी, घरची. घेऊ नये असा नियम आहे, पण मी घेतली. संध्याकाळपर्यंत पाखाडीवर सगळ्यांना कळलं होतं. नंदूने जयगडकडचा एक तांडेल बोलून ठेवला होता, त्याला नको म्हणून निरोप पाठवला.

शेवटच्या तपासणीच्या सकाळी मी यादी बघत होते. "दुसरा तक्ता" हे काम सातव्या पानावर आलं होतं. पावसाळी हवेने जुन्या तक्त्याला कडेने बुरशीही धरली होती. मी लगेच जाऊन नवा आणला. म्हटलं, तात्यांची शेवटची तपासणी तरी नियमाने करू.

स्थिर वाचन जुन्यावर घेतलं. सहा. मग मी नवा तक्ता त्याच खिळ्यावर लावला. तात्या तेव्हा डोळे मिटून बसले होते. डोकं हलवण्याआधी ते मिनिटभर डोळे मिटायचे. मी मागे गेले, डोकं धरलं, ठोका सुरू केला. "वाचा."

तात्या वाचायला लागले. एकेक अक्षर, न अडखळता. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. समोर नवा तक्ता होता आणि तात्या जुना वाचत होते.

मी हात थांबवले नाहीत. थांबवले की सगळं संपणार होतं. चौथी ओळ झाली, पाचवी झाली. माझ्या तळहातांत त्यांच्या जबड्याची हाडं हलत होती. आवाजात इतकी खात्री होती की क्षणभर मीच समोर नीट बघितलं.

"झाला ना, बाय?"

मी हात काढून घेतले. "तात्या, तक्ता बदललाय."

डोकं स्थिर झाल्यावर त्यांना समोरचं दिसलं. बराच वेळ ते बघत राहिले. काकी दाराशी उभ्या होत्या, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. पिशवी धरून हसतच होत्या.

"मी फसवला नाय गो," तात्या म्हणाले. "देवाशपथ, मला दिसत व्हता. ती खालची ओळ, कडंला एकटा ग, त्याच्या अंगाला व. जसा दीपगृहाच्या बाजूला झाड. मला दिसत व्हता सगळा."

त्यात खोटं काही नव्हतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. एवढी वर्षं धुक्यात, पावसाच्या सरीत त्यांनी किनारा असाच बघितला होता. अर्धा डोळ्यांनी, अर्धा आठवणीने. कुठला अर्धा कशाने, हे त्यांना कधी वेगळं करावं लागलं नव्हतं. आणि मी दोन महिने त्यांच्यासमोर तोच किनारा टांगून ठेवला होता.

"परत करू," मी म्हटलं. पुन्हा डोकं धरलं. आता ते एकेका अक्षरावर झगडत होते. पहिली ओळ. दुसरी. तिसरीतलं शेवटचं अक्षर दोनदा चुकलं, मग बरोबर आलं. चौथीत "प" म्हणाले, तिथे प नव्हता. मग "म" म्हणाले. तोही नव्हता.

तीन. दोन महिन्यांत खरी एक ओळ मिळाली होती, आणि एकच कमी पडत होती.

"चार लिही," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की काकींना ऐकू गेला नसावा. "एका ओळीनं काय व्हतंय? तू लिहिलंस की डॉक्टर सही करतील. तुज्या वहीवर त्यांचा इश्वास हाय."

"तात्या, आठ माणसं आहेत."

"ती आठ माज्या हातात मोठी झाली. त्यांना मी बुडवीन?" मग त्यांनी माझा हात धरला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. "बाय, मला जमिनीवर नको ठेवूस. हितं मला दारुडा म्हणतात. तिथं सगळेच हलत असतात, तिथं मला कोन हसत नाय."

मी वहीत तीन लिहिलं. पहिल्या खेपेनंतरच्या तिन्ही आकड्यांवर काट मारून बाजूला कारण लिहिलं आणि वही डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी काट मारलेले आकडे बघून वही मिटली. मला रागावले असते तर सोपं गेलं असतं. तात्यांना त्यांनी स्वतः समजावलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, काकींच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. काकींनी त्या दिवशी "माजे पाय" म्हटलं नाही.

नंदूला जयगडचा तांडेल परत मिळाला नाही, दुसरा कोणीतरी धरून बोट गेली. आठवड्याने काकी घरी आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुजा तीन बरोबर व्हता, मला कळतंय. पन आधी पाच कशाला लिहिलंस गो? पाच लिहिलंस म्हणून त्यानं जाळी काढून शिवली. नवा सदरा घेतला. आता तो सदरा घालून घरात बसतंय." सोड्यांचा रिकामा डबा मी धुऊन ठेवला होता, तो घेऊन त्या गेल्या.

त्यानंतर वर्षभर तात्या दवाखान्यात आले नाहीत. गडग्याशी मात्र रोज दिसायचे. मान हलवत, दीपगृहावर नजर लावून. कोणी सांगितलं नव्हतं इतक्या वेळा. मी पाखाडी उतरताना हाक मारायची सोडून दिली होती. थांबून बघायला लावणं बरं वाटत नसे.

गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी नंदू दवाखान्यात आला. त्याला काही झालं नव्हतं. म्हणाला, "तुमच्या तक्त्यातली चौथी ओळ केवढी असतंय?"

मी अक्षर मोजून दाखवलं.

"धक्क्याच्या टोकावरनं बोट जाताना दिसतंय, तेवढ्या अंतराला केवढी लागंल?"

आम्ही हिशोब केला. धक्क्याचं टोक आणि बोटीची वाट यातलं अंतर आमच्या तपासणीच्या खोलीच्या दहापट भरलं. म्हणजे अक्षरंही दहापट, साधारण वीतभर. नंदू कापडाच्या पट्ट्यावर तेवढ्या अक्षरांची एक ओळ रंगवून घेणार होता. पौर्णिमेला बोटींवर पताका असतातच. बोट टोकासमोर आली की केबिनमागे ते कापड सोडायचं, पुढे गेली की गुंडाळायचं. ओळ कोणती, ते तात्यांना कोणी सांगायचं नाही. पाखाडीवरच्या शेंबड्या पोरांनाही दटावून ठेवलं होतं.

"वाचली तर?" मी विचारलं.

"तर नेतो. सुकाणूवर नाय. पुढं बसायला. पन नेतो."

"आणि नाही वाचली तर?"

"कापड ऱ्हाईल की. पुढल्या वर्सी परत सोडू." मग जाता जाता म्हणाला, "त्याला माहीत हाय. मान हलवत वाचायची, थांबून नाय. त्यानं स्वतःच सांगितला तसा."

पौर्णिमेला दुपारी मी धक्क्यावर गेले. नारळ वाहून झाले होते, बोटी एकेक निघत होत्या. तात्या टोकाला, दोर बांधायच्या खांबाला एक हात लावून उभे. अंगात तो नवा सदरा, एव्हाना कॉलरला विटलेला. काकी मागे, हात त्यांच्या पाठीपासून चार बोटं दूर धरून. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं नाही, पण म्हणाले, "आलीस."

नंदूची बोट आली. तात्यांनी मान हलवायला सुरुवात केली. मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "बग गो, पोराला नको जाव म्हणतंय." कापड सुटलं. मला ओळ स्वच्छ वाचता आली. ती इथे लिहीत नाही. कोणी त्यांना हे वाचून दाखवलं तर पुढच्या वर्षीचं कापड फुकट जाईल.

तात्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बोट टोकासमोरून पुढे गेली. ठरल्याप्रमाणे कापड गुंडाळायला हवं होतं, नंदूने ते तसंच राहू दिलं.

"तुला दिसली?" तात्यांनी विचारलं. मान चालूच.

"दिसली."

"सांगू नको."

"नाही सांगत."

बोट बंदराच्या तोंडाशी पोचली, उसळली, बाहेर पडली. कापडाचा आता पांढरा ठिपका झाला होता, त्यातलं मलाही काही वाचता येत नव्हतं. काकी म्हणाल्या, "चला आता." तात्या हलले नाहीत. माझा हात सवयीने घड्याळावर गेला आणि मी त्यांचे ठोके मोजले. एका सेकंदात दोन. एकही चुकत नव्हता.